तीन टक्क्यांची हॉपी बिअर घरी कशी करायची, आणि तिचा काढा कसा होऊ द्यायचा नाही

आधी एक गोष्ट क्लिअर करते. मी इंग्लंडात रीडिंगला राहते आणि इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून लायसन लागत नाही (विकायची मात्र नाही, एक बाटलीसुद्धा). महाराष्ट्रात तसं नाहीये, तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना घरी बिअर आंबवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांनी नुसतं वाचा आणि बिअर मायक्रोब्रूअरीत जाऊन प्या. इतर देशात असाल तर तिथला नियम बघा, मग पातेलं चढवा.

तर, मला आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सवाली कडू बिअर) फार आवडते पण सहा-साडेसहा टक्क्यांची एक पाइंट बुधवारी रात्री प्यायली की गुरुवारची सकाळची मीटिंग अंगावर येते. मग एकदा लंडनच्या कर्नल ब्रूअरीची टेबल बिअर प्यायले, साधारण तीन टक्क्यांची, आणि वास असा की कोणीतरी शेजारी संत्र सोलतंय. पाणचट अजिबात नाही. इथे ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांच्या खालच्या बिअरला अल्कोहोलच्या हिशोबाने निम्म्याहून कमी ड्यूटी लागते, त्यामुळे बऱ्याच ब्रूअऱ्यांनी आपल्या बिअरी ३.४ वर आणून ठेवल्या, पण त्यातल्या सगळ्या चांगल्या लागतात असं नाही, आणि का लागत नाहीत ते मला माझी पहिली बॅच सिंकमध्ये ओतल्यावर कळलं.

मी काय केलं होतं, तर माझ्या नेहमीच्या आयपीएच्या रेसिपीतलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) निम्मं केलं आणि हॉप्स (एका वेलीची कडू, वासाची फुलं) तेवढेच ठेवले. म्हटलं हॉपी पाहिजे ना, मग हॉप्स कशाला कमी करायचे. जे झालं तो कडुनिंबाचा काढा होता, तोही पातळ. आता विचार केला तर साधी गोष्ट आहे, कारल्याच्या भाजीत गूळ निम्मा केलात आणि कारली तेवढीच ठेवलीत तर काय होणार? बिअरमध्ये गूळ म्हणजे मॉल्ट. त्यातून उरलेला गोडवा, अंग (म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा) आणि अल्कोहोल स्वतः, हे तिन्ही मिळून कडूपणाला धरून ठेवतात, आणि आपण नेमके तेच तिन्ही कमी करतोय.

वर आणखी एक भानगड आहे जी मला तेव्हा माहीतच नव्हती. पातळ वर्टमध्ये (वर्ट म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, आंबवायच्या आधीचं) हॉप्समधला कडूपणा जास्त उतरतो. हिशोबाला सगळे टिनसेथचं सूत्र वापरतात, त्याप्रमाणे १.०५० ग्रॅव्हिटीच्या (ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तर आकडा जास्त) वर्टमध्ये तासभर उकळलं तर हॉप्समधल्या अल्फा ॲसिडपैकी (कडूपणा ज्यातून येतो ते) साधारण २३ टक्के कामी येतं, आणि १.०३४ च्या वर्टमध्ये जवळपास २७ टक्के. म्हणजे मॉल्ट कमी केलं, हॉप्स तेच ठेवले, तर कडूपणा तेवढाच राहत नाही, उलट वाढतो. दोन्हीकडून मार.

मी आता एकच आकडा बघते. बिअरची आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) भागिले सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन अंक. आयपीएला ५० आयबीयू आणि १.०५८ असेल तर ५० भागिले ५८, साधारण ०.८५. तीन टक्क्यांच्या बिअरला हाच रेशो ठेवला तरी ती कडू लागते कारण अंगच नसतं, म्हणून ०.६ ते ०.७ च्या मध्ये थांबायचं. १.०३४ ला २२-२३ आयबीयू, बस. हॉपी वाटायचं काम वासावर सोडायचं, आणि वास येतो तो गॅस बंद केल्यानंतर टाकलेल्या हॉप्समधून. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळी कारागिरी आहे.

दहा लिटरसाठी मी हे घेते:

मॅरिस ऑटर पेल मॉल्ट १ किलो १०० ग्रॅम, म्युनिक मॉल्ट २०० ग्रॅम, ओट्सचे पोहे २०० ग्रॅम (सुपरमार्केटमधले साधे पॉरिजवाले चालतात, फ्लेवरवाले नाही), हलकं क्रिस्टल मॉल्ट १५० ग्रॅम
मॅग्नम हॉप्स ४ ग्रॅम, उकळीला (अल्फा १२ टक्के धरून)
सिट्रा २० आणि मोझेइक १० ग्रॅम, गॅस बंद केल्यावर
सिट्रा २५ आणि मोझेइक १५ ग्रॅम, आंबवून झाल्यावर
लॅलेमंडचं विंडसर यीस्ट, ११ ग्रॅमच्या पाकिटातलं अर्धं
पाणी १५ लिटर

चार ग्रॅम म्हणजे खरंच चार ग्रॅम, अंदाजपंचे चिमूट नाही. किचनच्या काट्यावर चार आणि सहा ग्रॅम सारखेच दिसतात आणि इथे दोन ग्रॅम म्हणजे सहा-सात आयबीयूचा फरक, म्हणून सोनाराकडे असतो तसला ०.१ ग्रॅमवाला छोटा डिजिटल काटा घ्या, स्वस्त मिळतो. आणि हॉप्सच्या पाकिटावर अल्फाचा आकडा छापलेला असतो तो वाचा, दरवर्षीच्या पिकाला तो बदलतो. मॅग्नमवर १२ ऐवजी १४ लिहिलं असेल तर साडेतीन ग्रॅमच टाका.

यीस्ट विंडसरच का, तर हे यीस्ट माल्टोट्रायोज नावाची साखर खात नाही. बाकीची बरीच यीस्टं सगळं चाटूनपुसून खातात आणि बिअर कोरडी ठाक करतात, मोठ्या बिअरला ते चांगलं, पण आपल्याला इथे थोडं उरलेलं हवंय. एस-०४ नावाचं यीस्ट पण चालेल पण मग ग्रॅव्हिटी दोन-तीन पॉइंट खाली जाईल आणि अंग कमी होईल.

आता पाणी. इथे लोक कंटाळा करतात आणि मी पण करायचे. टेम्सच्या खोऱ्यातलं पाणी भयंकर जड आहे, किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो, आणि फिकट मॉल्टला असलं पाणी चालत नाही. त्यातून आपल्याकडे धान्य कमी आणि पाणी भरपूर, म्हणजे धान्याची आंबट बाजू या पाण्यापुढे कमी पडते, पीएच वर राहतो आणि टरफलातला तुरटपणा उतरतो. मी अर्धं नळाचं आणि अर्धं टेस्कोचं ॲशबेक नावाचं बाटलीतलं पाणी घेते, त्यात क्षार अगदी कमी असतात. नळाच्या पाण्यात आधी कॅम्पडेनची पाव गोळी कुस्करून टाकायची, त्याने क्लोरीन जातं, नाहीतर बिअरला दवाखान्याच्या बँडेजचा वास येतो आणि तो कशानेच जात नाही. मग कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम आणि जिप्सम १ ग्रॅम. बर्टन अपॉन ट्रेंट हे गाव ज्या पेल एलसाठी प्रसिद्ध झालं (ती इंडियाला जाणारी, आयपीएतला आय आपलाच) तिथलं पाणी जिप्समवालं, सल्फेटने कडूपणाला धार येते. आपल्याला धार नकोय, आपल्याला गोलाई हवीय, आणि ती क्लोराइड देतं, म्हणून प्रमाण उलटं. लॅक्टिक ॲसिड २ मिलीपासून सुरू करून मीटरने मोजत मोजत मॅशचा पीएच ५.३ च्या आसपास आणा. मीटर नसेल तर निदान ॲशबेकचं प्रमाण वाढवा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

मॅश म्हणजे दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं. मी सगळं एकाच पातेल्यात करते, २० लिटरचं स्टीलचं, आत जाळीची पिशवी, पिशवीत धान्य. पाणी ७१-७२ डिग्रीला आणायचं, धान्य हळूहळू ओतत ढवळायचं (गुठळ्या होतात, उपमा करताना जशा होतात तशाच, आणि उपायही तोच), ते ६९ वर येऊन थांबतं. साधारण बिअरला ६५-६६ ठेवतात. आपण मुद्दाम वर ठेवतोय कारण ६५ ला जे एन्झाइम जोरात असतं ते स्टार्चची अशी साखर करतं जी यीस्ट पूर्ण खातं, ६९ ला ते लवकर मरतं आणि दुसरं एन्झाइम लांब साखळ्यांची साखर जास्त ठेवतं, जी यीस्टला पचत नाही. तीच पुढे बिअरचं अंग होते. पातेल्याला झाकण लावून गोधडी गुंडाळा आणि पाऊण तास विसरून जा. सासूबाई आल्या होत्या तेव्हा वास घेऊन म्हणाल्या, लापशी केलीस का गं? मी हो म्हटलं, खोटं कुठे होतं.

पाऊण तासाने पिशवी वर उचलून टांगायची आणि पिळायची, चक्का टांगतो तशी. पिळल्याने तुरट होतं असं काहीजण म्हणतात, पीएच नीट असेल तर मला तरी कधी जाणवलं नाही, आणि न पिळता लिटरभर वर्ट फेकून द्यायला जीव होत नाही.

मग उकळी. पहिली दहा मिनिटं पातेल्याजवळून हलू नका, दूध उतू जातं त्याच्यापेक्षा वाईट उतू जातं आणि गॅसवर चिकट कॅरमल बसतं. फेस बसला की मॅग्नम टाका आणि तासभर उकळा. शेवटच्या दहा मिनिटांत प्रोटाफ्लॉकची पाव गोळी, गाळ खाली बसायला. एवढंच. पंधरा मिनिटांना, दहा मिनिटांना, पाच मिनिटांना हॉप्स टाकायची जी जुनी पद्धत आहे ती मी या बिअरला पूर्ण सोडून दिलीय, कारण तिथे वास अर्धा उडून जातो आणि कडूपणा मात्र गुपचूप वाढत राहतो, हिशोब लागत नाही.

गॅस बंद करून वर्ट ७५ डिग्रीपर्यंत थंड होऊ द्या, कॉइल (आतून थंड पाणी फिरवायची नळी) असेल तर पाच-सात मिनिटांत होतं, नसेल तर पातेलं सिंकमध्ये थंड पाण्यात ठेवा. मग ३० ग्रॅम हॉप्स टाकायचे, ढवळायचे, झाकण लावून वीस मिनिटं. ७५ का, तर अल्फा ॲसिडचं कडूपणात रूपांतर व्हायला उष्णता लागते आणि ८० च्या खाली ते फार हळू होतं, वासाची तेलं मात्र निघतात आणि झाकणामुळे उडत नाहीत. तरी या टप्प्यातून १० च्या आसपास आयबीयू येतातच, ते मी धरलेत. मॅग्नमचे १३, हे १०, झाले २३. हेच हॉप्स ९५ डिग्रीला टाकलेत तर दुप्पट कडू होईल, पहिल्यांदा थर्मामीटर नव्हता तेव्हा माझं हेच झालं होतं.

वीस मिनिटांनी पटकन १९ डिग्रीपर्यंत थंड करून फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओता, वरून, धबधब्यासारखं, फेस येऊ दे, कारण यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो (पुन्हा नंतर कधीच नाही). इथून पुढे जे जे बिअरला लागणार ते सगळं सॅनिटाइज केलेलं हवं, मी स्टार सॅन लिटरला दीड मिली घेते, धुवायची गरज नसते. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघा, १.०३४ च्या आजूबाजूला हवी. जास्त आली तर उकळून गार केलेलं पाणी घाला, कमी आली तर राहू दे, आकाश कोसळत नाही.

यीस्ट वरून भुरभुरवा. तापमानाचं विरजणासारखंच आहे, दूध फार गरम असेल तर विरजण मरतं, फार गार असेल तर दही लागत नाही, इथे १८ ते २० ठेवा. अल्कोहोल कमी म्हणून ही बिअर भराभर आंबते, तीन-चार दिवसांत एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) शांत होतो. पण एअरलॉकवर विश्वास ठेवू नका, हायड्रोमीटरवर ठेवा. दोन दिवस लागोपाठ १.०१२ दिसलं की झालं. (१.०३४ वजा १.०१२, गुणिले १३१, म्हणजे २.९ टक्के. बाटलीत साखर घालतो त्याने आणखी ०.३ च्या आसपास वाढतं, ते कोणी सांगत नाही.)

आता ड्राय हॉप, म्हणजे आंबून झालेल्या बिअरमध्ये हॉप्स टाकणं, आणि इथे नीट लक्ष द्या कारण या बिअरला एक खास धोका आहे. हॉप्समध्येही थोडी एन्झाइम्स असतात, आणि आपण मॅशमध्ये कष्टाने ज्या लांब साखळ्या मागे ठेवल्या त्या ती तोडतात, मग विंडसरलाही खाता येईल अशी साखर तयार होते आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. याला हॉप क्रीप म्हणतात. हे मोठ्या आयपीएलाही होतं, पण आपल्याकडे असल्या साखळ्यांचा साठाच मोठा. बाटल्या भरल्यावर हे सुरू झालं तर बाटली म्हणजे बॉम्ब. माझ्या एका बॅचमध्ये दोन काचेच्या बाटल्या गॅरेजमध्ये रात्री फुटल्या, नवरा म्हणाला चोर आला.

म्हणून फर्मेंटर आधी १४-१५ डिग्रीला आणा (इथे ऑक्टोबर ते एप्रिल गॅरेजच पुरतं), मग ४० ग्रॅम टाका आणि दोनच दिवस ठेवा, आठवडाभर नाही. लिटरला चार ग्रॅम भरपूर झाले. आठ-दहा ग्रॅम टाकणारे टाकतात पण तीन टक्क्यांच्या बिअरमध्ये तेवढं टाकलं की गवत चावल्यासारखं लागतं आणि घसा खवखवतो. झाकण शक्य तितकं कमी वेळ उघडा, कारण असली बिअर ऑक्सिजनला फार नाजूक, वास आधी जातो मग रंग सोनेरीचा मळकट तपकिरी होतो. दोन दिवसांनी परत खोलीत आणून आणखी तीन दिवस ठेवा आणि पुन्हा ग्रॅव्हिटी मोजा. खाली सरकली असेल, १.०११, १.०१०, तर ती थांबेपर्यंत थांबा. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तरी थांबा, यीस्ट तो स्वतःच साफ करतं.

बाटल्या मी आता पाचशे मिलीच्या तपकिरी पीईटीच्या वापरते. दिसायला गरीब आहेत पण दाबून प्रेशर कळतं आणि फुटून काचा उडत नाहीत. लिटरला साडेपाच ग्रॅम साधी साखर, म्हणजे बाटलीला पावणेतीन, जास्त नको, फसफस जास्त झाली की कडूपणाही टोचायला लागतो. आणि एक युक्ती, भरल्यावर बाटली अशी दाबा की बिअर अगदी तोंडापर्यंत येईल, मग दाबलेलीच ठेवून बूच लावा. आत हवाच राहत नाही. पुढच्या दिवसांत ती गॅसने आपोआप फुगून टणक होते, बघायला मजा येते. वीस डिग्रीला दहा-बारा दिवस, मग फ्रिज. उन्हात किंवा खिडकीत ठेवू नका, हॉप्सच्या कडू भागावर प्रकाश पडला की घाण वास येतो. आणि साठवू नका, महिना-दीड महिन्यात संपवा, वास पहिला जातो.

मधूनच कोणीतरी विचारतं की मग अर्धा टक्कावाली का नाही करत. नाही करत, कारण तीन टक्के अल्कोहोल, हॉप्स आणि नीट खाली आलेला पीएच हे तिघं मिळून नको ते जंतू रोखतात, अर्ध्या टक्क्याला त्यातला एक गडी जवळजवळ गेलेला असतो आणि आंबणं कमी म्हणून पीएचही पुरेसा उतरत नाही. ब्रूअऱ्या पाश्चराइझ करतात. माझ्याकडे गॅरेज आहे.

पहिली बाटली उघडल्यावर फार गार पिऊ नका, ८-१० डिग्रीला वास नीट उलगडतो, सिट्राचा तर पिकलेल्या पायरी आंब्यासारखा आणि लिंबाच्या सालीसारखा. चव घेताना एक फरक करायला शिका, जो इथल्या लोकांना समजावताना मला फार त्रास होतो कारण ते दोन्हीला बिटरच म्हणतात. आपल्याकडे कडू वेगळं आणि तुरट वेगळं. जिभेच्या मागे मेथीसारखं लागतंय आणि थोड्या वेळाने जातंय, तर ते कडू, मग पुढच्या बॅचला मॅग्नम कमी करा, बाकी कशाला हात लावू नका. हिरड्या आवळल्या, कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यासारखं झालं, तर ते तुरट, तिथे मॅग्नम कमी करून काही होणार नाही, पाण्याचा पीएच बघा, नाहीतर ड्राय हॉप जास्त वेळ राहिलाय. आणि दोन्ही नाही पण बिअर पोकळ लागतेय तर मॅश ७० ला न्या किंवा ओट्स शंभर ग्रॅम वाढवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, मी पहिल्या तीन बॅचना सगळंच एकदम बदलत होते आणि कशाने काय झालं ते मला आजही माहीत नाही. सध्या आठवी चालू आहे, मॅग्नम साडेतीनवर आणलंय, शुक्रवारी बाटल्या भरायच्यात.